खण घरी, साडी मांडवात

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे अंक वाचून झाल्यावर फोन यायला नकोत. मी इव्हेंटवाली नाही. कानात वायर खोचून पळणारी मुलं माझ्याकडे नाहीत. "तुमची लव्ह स्टोरी सांगा ना" असं मी कोणत्याही नवरीला विचारत नाही. तो तिचा प्रश्न आहे. मी लग्नाला चेहरा देते.

असं म्हटलं की लोक मान हलवतात, आणि त्यांना काहीही कळलेलं नसतं. म्हणून सोपं करून सांगते. पुण्यातल्या कुठल्याही कार्यालयात शिरा. दारात झेंडू, आत जांभळा दिवा, स्टेजवर राजाराणीच्या दोन खुर्च्या, पत्रिकेवर एक मोर आणि रुखवतावर दुसराच मोर. शेजारशेजारच्या दोन लॉन्सवरच्या पाट्या कोणी अदलाबदल केल्या, तर माणूस अक्षता टाकून, पाकीट देऊन, जेवून घरी जाईल आणि आपण भलत्याच लग्नाला जाऊन आलो हे त्याला कळणार नाही. माझं काम एवढंच की पाटी काढून टाकली तरी आत पाऊल ठेवणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे यांचंच लग्न. दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.

हे मी कॉलेजात शिकले नाही. मॅचिंग सेंटरात शिकले. लक्ष्मी रोडच्या आतल्या एका बोळात ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल विकणारं दुकान होतं. वडिलांचा टेम्पो कायमचा बंद पडला आणि भावाचं शिक्षण चालू होतं, म्हणून मी त्या दुकानाच्या काउंटरवर उभी राहिले. भावाचं शिक्षण पुरं झालं. माझं काउंटरवर झालं.

बाहेरच्यांना वाटतं, मॅचिंग म्हणजे साडीवर कापड ठेवायचं आणि जुळलं की कापायचं. तसं नसतं. लाल काही एक नसतो. ट्यूबखाली साडीशी बेमालूम जुळलेला तागा फुटपाथवर उन्हात नेला की विटकरी दिसतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला मनगटाला धरून बाहेर न्यायचे आणि विचारायचे, "ताई, लग्न ट्यूबखाली आहे की उन्हात?" बायका हसायच्या, पण उत्तर द्यायच्या, आणि त्यावरून मी तागा काढायचे. कापड कुठे नेसलं जाणार, कोणाशेजारी उभं राहणार, त्याच्याकडे कोण बघणार, हे कळल्याशिवाय रंग ठरत नाही. माझा आजचा सगळा धंदा एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे.

आता रागाचं. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. तिच्या शालूपासून वाढप्यांच्या उपरण्यांपर्यंत सगळे रंग मी लावले. दुकान सांभाळून लावले. लग्नात लोक म्हणत होते, काय सुरेख दिसतंय सगळं. मालक म्हणत होते, "अहो, घरचंच दुकान आहे ना!" आहेराच्या वेळी मला मागच्या रांगेतून बोलावलं आणि हातावर एक साडी ठेवली. मी ती घडीवरूनच ओळखली.

नव्या मंडळींना माहीत नसेल, पण आपल्याकडे दुकानात नेसायच्या साड्या वेगळ्या आणि देण्याघेण्याच्या वेगळ्या. देण्याघेण्याची साडी कोणी नेसत नाही. ती एका लग्नात आहेरात येते, कपाटात बसते आणि दुसऱ्या लग्नात दुसरीला जाते. तिची घडी मोडायची नसते, कारण ती पुढे द्यायची असते. मला मिळालेली साडी बदामी होती आणि तिच्या पदराजवळ शाईचा ठिपका होता. तीच साडी पूर्वी मालकीणबाईंना कुठून तरी आली होती, आणि मॅचिंग मिळेल का म्हणून त्यांनी ती दुकानात पाठवली होती. तेव्हा मीच सांगितलं होतं, "ठिपका आहे वहिनी. देण्याघेण्यात घालवा."

त्यांनी माझा सल्ला मानला होता.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली. साडी सोडली नाही. आजही कुणाच्या घरी कापडाचे नमुने न्यायचे असले की मी त्या बदामी साडीत बांधून बोचकं करून नेते. लोक विचारतात, एवढी चांगली गाडी घेतलीत, एखादी बॅग का घेत नाही? मी सांगते, बॅग विसरता येते.

धंदा वाढला, तशी भांडणंही वाढली. लायटिंगवाल्यांशी तर माझं जन्माचं आहे. एका लग्नात मामाने आणलेली पिवळीधमक साडी नेसून मुलगी बोहल्यावर आली आणि वरून यांचा निळा दिवा पडला. पोरगी आजारी दिसायला लागली. मी ओरडले, "दिवा बंद करा, नाहीतर डॉक्टर बोलवा!" दिवेवाला म्हणाला, "मॅडम, हे पॅकेजमध्ये आहे." मी स्वतः जाऊन प्लग ओढला. तेव्हापासून कार्यालय ठरवायच्या आधी मी मॅनेजरला खिडक्या उघडून दाखवायला लावते. खिडक्या उघडत नसतील, तर भाड्याचं बोलणंच सुरू करत नाही. उघडत असतील, तर गंजलेल्या कड्या दाखवून भाडं खाली आणते.

थीम या शब्दाचाही मला राग आहे. आयटीतल्या एका जोडप्याला हडपसरच्या पलीकडे एका लॉनवर समुद्रकिनारा हवा होता. दोघं गोव्यात भेटली होती म्हणे. मी नाही म्हटलं, त्यांनी दुसऱ्याला काम दिलं, आणि मला आमंत्रण दिलं. मी गेले. ट्रकने वाळू आणून पसरली होती. तिच्यात बायकांच्या पैठण्या लोळत होत्या आणि म्हाताऱ्यांच्या काठ्या रुतत होत्या. मुलाचे आजोबा दारातच थांबले. शांतपणे सगळीकडे पाहिलं आणि व्याह्यांना म्हणाले, "आपलं बांधकाम पूर्ण झालं की कळवा. येतो तेव्हा."

बाहेरून आणलेली कल्पना अशी रुतते. म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. मी दोन्ही घरी जाते आणि कपाट उघडायला सांगते. बायका आधी दागिने दाखवतात, मग शालू दाखवतात. मी म्हणते, हे ठेवा. नेसून नेसून विरलेली साडी काढा. माणसाची खरी आवड तिथे असते, आणि लग्नाचा चेहरा त्यातूनच निघतो.

मानसीचं लग्न असंच निघालं. खरं तर निघता निघता मोडायला आलं.

मानसी वानखडे माझ्याकडे आली ती एकटीच. राहायला खडकीत, नोकरी खराडीत. वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे अकोल्याकडचे. मुलगा तेजस जाधव तिच्याच ऑफिसातला, हडपसरचा, जुन्या गावकीतला. शेतं गेली आणि तिथे दुकानगाळे आले, अशा घरातला. मानसीने साखरपुड्याचा फोटो माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मावशी, यात माझी आई शोधा."

मी शोधली. डावीकडे जाधवांच्या बायका जरीत आणि सोन्यात. उजवीकडे वानखड्यांचे चार नातेवाईक, साध्या सुती कपड्यांत, लग्नाला आलेत की लग्नाच्या कामाला ते कळू नये असे. आणि खांबाआडून एक कोपर दिसत होतं.

"हे कोपर?"

"ते कोपर. ती म्हणाली, त्यांच्याशेजारी आपण शोभत नाही. लग्नातही मी मागेच बसेन म्हणतेय." मानसीने फोटो टेबलावर उलटा ठेवला. "मला थीमबीम काही नको. तेजसच्या भावाने 'ब्लश अँड शॅम्पेन' असं काहीतरी फिक्या रंगांचं काढलंय, ते पण नको. मला आई फोटोत मध्ये हवी. आणि तिला तिथे उभं राहावंसं वाटलं पाहिजे. ढकलून उभी केलेली नको."

मी म्हटलं, "हे साडीवाल्या बाईचं काम आहे का?"

"तुम्ही सांगा."

मी काम घेतलं. अशी माणसं गिऱ्हाईक म्हणून वाईट नसतात. त्यांना काय हवंय ते त्यांना माहीत असतं.

खडकीला गेले. मानसीची आई शोभाताई चहा ठेवून आतच उभ्या राहिल्या. कपाट वानखड्यांनीच उघडलं. "पाहा बाप्पा, काय सापडते त," असं म्हणाले आणि खुर्चीत बसून मला कारखान्याबद्दल सांगायला लागले. "आमच्या तिथं गेटातून आत गेलं का सगळ्याइले एकच ड्रेस. कोण कोनाच्या घरचा, कोनाले दिसेच ना. मले ते लय आवडे." तळाला एक करवतकाठी साडी निघाली. विदर्भातलं टसर, आणि डाळिंबी काठाला करवतीसारखे दात. शोभाताईंची लग्नातली. इतक्या वेळा नेसलेली, की काठ तेवढा शाबूत आणि अंग जाळीसारखं. मी म्हटलं, "ही." शोभाताई आतून म्हणाल्या, "ते जुनी हाये हो, ठेवा तिले."

मग हडपसरला गेले. तिथे सत्ता तेजसच्या आईवडिलांची नव्हती, आक्कांची होती. आक्का म्हणजे तेजसच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. सगळं आयुष्य भाजी मंडईत काढलेलं आणि आवाज अजून मंडईतलाच. त्यांनी ट्रंक उघडून दिली आणि त्या उरल्यासुरल्या मळ्यातल्या कामाला निघून गेल्या. ट्रंकेत खाली इरकली लुगडी होती. गडद अंग, लाल पदर, आणि पदराच्या लाल-पांढऱ्यात किल्ल्याच्या तटासारखे दात.

मी दोन्हीचे फोटो काढले होते. बाहेर अंगणात, उन्हात उभी राहून ते शेजारी ठेवले आणि मला हसू फुटलं. एकमेकांपासून शेकडो कोस दूर विणलेली दोन कापडं, आणि दोन्हीला दात. लालही फार लांबचा नव्हता. इकडचा जरा काळा केला, तिकडचा जरा उजळ केला, की मध्ये डाळिंबी.

लग्नाचा चेहरा तिथे ठरला. बाकीचा हिशेब सोपा होता. साडीचं अंग ज्याला शोभेल ते, राखाडी, मोहरी, बाटलीहिरवं, मातकट. काठ मात्र सगळ्यांचा एकच, डाळिंबी, दात असलेला. तोच काठ पत्रिकेला, मांडवाच्या झालरीला, अक्षतांच्या पिशव्यांना, अंतरपाटाला. मग खडकी कुठली आणि हडपसर कुठलं, हे काठावरून ओळखू येणार नाही. जरीशेजारी सुती असं काही उरणारच नाही, तर खांबामागे जायचं कारणही उरणार नाही.

साड्यांसाठी रविवार पेठेत अन्वरभाईंकडे गेले. पिढ्यान्‌पिढ्या कापडातलं घर, सोलापूरकडे माग. आम्ही दोघं भांडल्याशिवाय व्यवहार करत नाही.

"ताई, एवढ्या काठात दात विणायचे म्हणजे कारागीर आंधळा होईल. छापून देतो. लांबून कळणार नाही."

"छापलेले दात म्हणजे कवळी, अन्वरभाई. मला खरे हवेत."

"मग खऱ्या दातांचा भाव पडेल."

"भाव कवळीचाच देणार. त्या बदल्यात हा काठ नंतर तुम्ही दुकानात विका, माझी हरकत नाही. पण या लग्नाआधी एक वीतही बाहेर दिसली, तर तुमच्या गादीवर येऊन बसेन."

"तुम्ही बसाल या भीतीनेच धंदा करतो आम्ही," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. म्हणजे व्यवहार झाला.

आता साड्या आल्या, पण द्यायच्या कशा? इथे मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला तेव्हा फार अभिमान होता. वानखड्यांना जाधवांच्या बायकांना आहेराच्या साड्या द्यायच्याच होत्या. रीतीप्रमाणे त्या मांडवात दिल्या असत्या, तर घडी न मोडता कपाटात गेल्या असत्या. म्हणून मी म्हटलं, आहेर आधीच घरी पोचवायचा. बायका ब्लाउज शिवून घेतील आणि लग्नात तीच साडी नेसून येतील. खर्च एकदाच, आणि आहेर पहिल्यांदाच अंगावर दिसेल. वानखडे म्हणाले, "ड्रेससारखं झालं त! झकास!"

साड्या टेम्पोने हडपसरला गेल्या. दोन दिवसांनी त्याच टेम्पोने खडकीला परत आल्या. सोबत आक्कांचा निरोप: "कारखान्यात युनिफॉर्म वाटत्यात तसा आमाला वाटू नका. मान मांडवात देत्यात, पार्सलनं न्हाई. आमी असल्या लग्नाला येणार न्हाई."

मानसीचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात फुलांचा भाव तोडत होते. तसाच टाकून खडकीला गेले. वानखडे खुर्चीत बसून राहिले होते. कारखान्याच्या ड्रेसबद्दल इतक्या प्रेमाने बोलणारा माणूस. 'युनिफॉर्म' हा शब्द त्यांनाच लागला होता. तेजसच्या वडिलांचा फोन येऊन गेला होता: आक्का नाही तर मीही मांडवात उभा राहू शकत नाही, तिनेच मला वाढवलंय. शोभाताई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "मी म्हनलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. "आपन मागं राहिलो असतो त हे झालं नसतं."

मला राग आला. आक्कांचा आला, आणि त्या पाठीचा त्याहून जास्त आला. मी म्हटलं, "शोभाताई, साडी बदला. हडपसरला जायचंय."

"मी?"

"मी साडीवाली आहे. मला कोण विचारतंय? तुम्ही व्याहीण आहात. आणि ती करवतकाठी बरोबर घ्या."

"काहून?"

"घ्या म्हणतेय ना."

आक्का अंगणात बाजेवर मटार सोलत होत्या. शेजारी त्यांचे यजमान पेपर वाचत होते. मी बोचकं बाजेवर टेकवलं आणि जे सुरू केलं, ते आता लिहितानाही मला चुकीचं वाटत नाही. आवाज मात्र मोठा होता.

"आक्का, त्या दिवशी तुमची ट्रंक मी पाहिली. वरचा अर्धा भाग देण्याघेण्याच्या साड्यांचा आहे. एकीचीही घडी मोडलेली नाही. मग यांनी नेसण्याजोगी साडी दिली, तर ती परत का?"

आक्का मटार सोलायच्या थांबल्या नाहीत. "त्या नेसायला नसत्यातच बाई. त्या मान असत्यात. कुणी उभं ऱ्हाऊन, नाव घिऊन, कुकू लावून हातात दिलेल्या. तुजी साडी टेम्पोतनं आली. ड्रायव्हरनं सही मागितली माज्याकडं."

यजमान पेपराआडून म्हणाले, "अंगठा बी चालंल म्हनला."

मी बोचक्याची गाठ उगाच आवळली. आक्कांनी माझ्या बोचक्याकडे बोट केलं. "आनि एवढी चांगली साडी बोचक्याला का लावलीस?"

"मला कोणीतरी अशीच दिली होती," मी म्हटलं. "ठिपका असलेली. पुढे ढकललेली."

"मग तुला कळाया पायजे व्हतं," आक्का म्हणाल्या. त्या रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शोभाताई पुढे आल्या. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. पिशवीतून करवतकाठी काढून त्यांनी बाजेवर, मटारांच्या बाजूला पसरली. "हे माह्या लग्नातली. माह्या मायनं देल्ली." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचं लुगडं पाहू द्या नं एखांदं. या म्हनते, तुमच्यातही असेच दात हायेत."

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. साखरपुड्यात त्यांनी या बाईचा आवाजही ऐकला नसावा. आत जाऊन त्या इरकल घेऊन आल्या आणि पदर करवतीच्या काठाशेजारी टाकला. ऊन होतं. चांगलं स्वच्छ ऊन होतं.

आक्का वाकून बघत राहिल्या. दोन्हींवरून बोट फिरवलं. "आगं बया. दोनीकडं दात हायेत की. मग चावायचं कुनी कुनाला?"

शोभाताई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "तुम्ही मोठ्या," त्या म्हणाल्या, "तुम्ही चावा."

यजमानांनी पेपर खाली ठेवला.

इथून पुढे सौदा सुरू झाला, आणि सौद्यात मी कोणाला हार जात नाही. पण मंडईतल्या बाईशी माझी गाठ पहिल्यांदाच पडत होती.

"आहेर मांडवातच," आक्का म्हणाल्या.

"मग लग्नात नेसणार कधी? ब्लाउज कधी शिवणार?"

"ते तुजं तू बघ. घरी फार तर खन देत्यात. आवतनाला आलं की वटी भरत्यात, खन-नारळ. साडी मांडवात."

खण म्हणजे ब्लाउजपीस. माझी उमेदीची वर्षं गेली ते विकण्यात, आणि मला हे दुसऱ्याकडून ऐकावं लागलं. खण घरी दिलेला चालतो! रीतीतच आहे!

मी लगेच पकडलं. "ठरलं. खण आता घरी येतील, डाळिंबी, काठाशी जुळणारे. शोभाताई स्वतः प्रत्येकीच्या घरी येऊन ओटी भरतील. ब्लाउज शिवून तयार. साडी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाला, मांडवात, हातात. सकाळी सगळ्याजणी तीच नेसणार. कबूल?"

"द्यायची कुनी? तुज्या मान्सांनी?"

"शोभाताई देतील."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. नाव घेऊन, कुंकू लावून."

आक्कांनी शोभाताईंना विचारलं, "उभं ऱ्हावं लागंल लई वेळ. ऱ्हाशील?"

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम मटारांकडे पाहिलं. "राहीन," त्या म्हणाल्या.

"मग आमी बी देनार," आक्का म्हणाल्या. "खडकीच्या सगळ्या बायकांना, खन आधी घरी आनि साड्या मांडवात, तसल्याच काठाच्या. आमी काय घ्यायलाच बसलोय का? आनायच्या तूच. आनि भाव नीट लाव, मी मंडईतली हाय."

मी लावला. त्यांनी पाडला. मी चढवला. यजमानांनी चहा सांगितला. शेवटी आकडा सांगताना आक्का म्हणाल्या, "आनि येक जास्त धर."

"जास्त कशाला? खडकीच्या सगळ्या मोजून झाल्यात. उगाच पडून राहील. तुम्हालाच भुर्दंड."

"लागंल म्हनते ना. लई बोलतीस."

अन्वरभाई ऐकून म्हणाले, "कारागिराचे डोळे जाणार म्हणालो होतो, आता माझे जातील." पण विणून दिल्या.

त्या आठवड्यात शोभाताई हडपसरमध्ये घरोघर फिरल्या. पहिल्या घरी मी दाराशी उभी होते. तिसऱ्या घरी त्यांनीच मला सांगितलं, तुम्ही गाडीत बसा. संध्याकाळी परत येताना म्हणाल्या, "ते तेजसच्या मायची मधली जाऊ हाये नं, तिले मोहरी रंग नका देऊ. तिले राखाडी खुलन." इतकी वर्षं धंदा केला, राखाडी मलाही सुचला नव्हता.

सीमांतपूजनाला जांभळा दिवा नव्हता. खिडक्या उघड्या होत्या आणि पश्चिमेचं ऊन आत आलं होतं. मांडवाच्या मधोमध शोभाताई उभ्या होत्या, कारण साड्यांचा ढीग मधोमध होता आणि देणाऱ्याला ढिगाशीच उभं राहावं लागतं. जाधवांची एकेक बाई पुढे येत होती. शोभाताई नाव घेत होत्या, कुंकू लावत होत्या, साडी हातात ठेवत होत्या. त्यांच्या शेजारी आक्का, खडकीच्या बायकांना हाका मारत. "यमुनाबाई वानखडे! या, लाजता काय, फुकट देतीय!" मानसी लांबून बघत होती. तिने फोटोग्राफरला एकदाही काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती; सगळे फोटो तिथेच होते.

ढीग संपला तसं मी झालरीचं एक टोक सुटलं होतं ते बांधायला शिडीपाशी गेले. मागून मंडईतला आवाज आला. "ए साडीवाले! निर्मला!"

त्यांना माझं नाव माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

"आक्का, मी कामात आहे."

"मांडवात बोलावल्यावर काम सांगायचं नसतं. हिकडं ये."

मी पुढे गेले. ती जास्तीची साडी आक्कांच्या हातात होती. बाटलीहिरवी. मी म्हटलं, "मी धंद्यावर आलेय. मला नको. माझे पैसे मिळालेत."

"धंद्याचं धंद्यात. ह्यो मान हाय." शोभाताईंनी पुढे होऊन कुंकू लावलं. आक्कांनी साडी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "घडी मोड. आत्ता. माज्यासमोर."

मी मोडली. पदर उघडून पाहिला. सवयच आहे. ठिपका नव्हता.

लग्न सकाळी लागलं. दोन्हीकडच्या बायका एकाच काठात, झालर त्याच काठाची, अंतरपाट त्याच काठाचा. दारातून येणारा माणूस क्षणभर थांबून बघत होता, मग पाटी न वाचताच आत येत होता. लायटिंगवाला एकदा विचारायला आला, "मॅडम, काहीच नको का?" मी म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या."

एवढं सगळं झालं, म्हणून राग गेला असं समजू नका. मालकांचं दुकान अजून चालू आहे, मी त्या बोळातून जात नाही. बदामी साडी अजून बोचक्याला आहे आणि राहील. मात्र मानसीने पाठवलेला मोठा फोटो मी ऑफिसात लावलाय. मध्यभागी शोभाताई, तीच जुनी करवतकाठी आतून अस्तर लावून नेसलेल्या, कोणाच्याही आड नाहीत. शेजारी आक्का. सगळ्या बायकांचे ब्लाउज डाळिंबी, काठाशी अचूक जुळणारे. कडेला बाटलीहिरव्या साडीत एक बाई उभी आहे. तिला आधी कोणी खण दिला नव्हता, म्हणून तिने त्या सकाळी घरात होता तो चिंतामणी निळा ब्लाउज घातलाय. नवी गिऱ्हाइकं येतात, फोटो बघतात आणि हमखास विचारतात, "अहो, ही एकटीच मॅचिंग नसलेली कोण?"

मी म्हणते, बसा. कामाचं बोलू.